कवेलूच्या घराला मोबाईलचं कुलूप

चामोर्शीजवळच्या एका गावात दिव्यानीचं घर कवेलूचं, म्हणजे साधं कौलारू, आणि दाराला कुलूप मात्र मोबाईलवर चालणारं. नवरा प्रणित सूरजागडला खाणीवर डंपर चालवायचा, शनिवारी घरी यायचा. बाकीचे दिवस तो भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून नांदायचा. दिव्यानी शेजारणीशी हसली की भिंत विचारायची, "काऊन दात काढून राह्यली व?" उलट बोललं की तिकडून बटण दाबून पंखा बंद. भर मे महिन्यात तिनं असा घाम गाळत भात रांधला होता. शनिवारचा मार वेगळाच. आणि गावभर कौतुक काय, तर पोरगा बायकोला किती जपतो!

दिव्यानीला त्या कॅमेऱ्याची भीती वाटायची, खोटं कशाला सांगा? साडी बदलायलाही ती धान साठवायच्या उंच ढोलीमागे जायची.

आषाढात तिला मुलचेऱ्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा मिळाली, राहायला खोलीसकट. रुजू व्हायचा शेवटचा दिवस आला. आज नाही गेली तर जागा दुसरीला. ती पिशवी घेऊन दारापाशी आली, तर कुलूप लागलेलं. आतली मूठ प्रणितनं कधीच काढून ठेवली होती, आणि मागचं दार चोरांच्या नावाखाली विटांनी बुजवलं होतं.

"दार उघडा जी," ती म्हणाली.

"नोकरी करून कोणाले तोंड दाखवतं?" भिंत बोलली. "बस घरातच."

ती खाली बसून ढसाढसा रडली. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि नजर वर गेली.

दार, खिडक्या, मागची भिंत, सगळ्याचा बंदोबस्त प्रणितनं केला होता. छप्पर त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. गड्याला उंचीची भीती. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायला दिव्यानीच वर चढायची, आणि हा खाली उभा राहून हुकूम सोडायचा, तेही डोळे मिटून.

तिनं घरातलीच शिडी लावली. कॅमेऱ्यातून आधी तिचं डोकं गेलं, मग पदर, मग पाय.

"ओ! कुठी चालली?"

तिनं कवेलू काढले, बांबूच्या कमच्या बाजूला सारल्या आणि छपरावर आली. शेजारच्या शकुबाईनं बाहेरून आपली शिडी लावून धरली.

"हळू उतर माय. नवी साडी हाये, फाडू नको."

दिव्यानीनं मुलचेऱ्याची गाडी गाठली.

दुपारी पाऊस कोसळला. प्रणितनं खाणीवर बसून मोबाईलात सगळं स्वच्छ पाहिलं. पलंग भिजला, गादी भिजली, पाणी टीव्हीकडे सरकू लागलं. महागाचा कॅमेरा, एक थेंब दाखवायचा राहिला नाही. त्यानं शकुबाईला फोन लावला.

"बाई, लवकर जा, टीव्ही वाचवा!"

"दार बंद हाये भाऊ. आता या वयात मी छपरावर चढू का?"

प्रणितनं तिकडून बटण दाबलं. मागितल्याबरोबर ते दार उघडलं, असं पहिल्यांदाच झालं.

शकुबाई छत्री धरून आत आली. टीव्हीला वळसा घालून ढोलीमागे गेली आणि दिव्यानीची लोखंडी पेटी ओढत निघाली. तेवढी एक छपरातून निघाली नव्हती.

"टीव्ही बाई, टीव्ही!" भिंत ओरडली.

"टीव्ही तुमचा हाये भाऊ," शकुबाई म्हणाली. "मी तिची पेटी न्याले आली."