मधल्या बाकावरचा पाहुणा

माझ्या शहराला दोन नावं आहेत आणि त्यातलं कोणतं तोंडातून निघतं यावरून माणसं एकमेकांना जोखतात. मी ‘आपलं शहर’ म्हणतो. ही सवय मला आमच्या कॉलेजनं लावली. संस्थेत दोन गट होते, एक अध्यक्षांचा, दुसरा सचिवांचा. अध्यक्ष वैजापूरचे, कांद्या-कापसाचे बडे व्यापारी. सचिवांचा चिकलठाण्याला कारखाना. दोघं एकेकाळचे जिवलग दोस्त, त्यामुळं भांडणही तसंच मुरलेलं. मी दिवाळीला दोघांच्याही घरी जायचो आणि दोघांकडच्या चिवड्याचं सारखंच कौतुक करायचो. कारण मी तिथं तासिका तत्त्वावर फ्रेंच शिकवत होतो, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात ठणठणाट. मला कायम व्हायचं होतं. त्यासाठी दोघांचीही मंजुरी लागायची, आणि अध्यक्षांनी मान हलवली की सचिवांची मान आपोआप आडवी हलायची.

फ्रेंच मी हैदराबादला जाऊन शिकलो. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुणे येतात, त्यांना गाइड लागतात, म्हणून कॉलेजनं हा वर्ग काढला होता. तिकीट कुठं मिळतं आणि चपला कुठं काढायच्या, एवढं माझी मुलं अस्खलित सांगायची. त्यापुढं गाडी सरकत नव्हती.

अशात एका ट्रॅव्हलवाल्यानं एका फ्रेंच म्हाताऱ्याला लेणी दाखवायचं काम मला दिलं. गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, ढगळ पँट, डोक्यावर कापडी टोपी. पहिल्याच दिवशी कळलं की हे त्यांच्या देशाचे माजी मंत्री. मी ते हौसेनं प्राचार्यांना सांगितलं. एका गटाला सांगून दुसऱ्याला न सांगण्याची प्राचार्यांची छाती नव्हती. संध्याकाळपर्यंत सत्कार ठरलासुद्धा. शाल अध्यक्ष घालणार, फेटा सचिव बांधणार, पाहुण्यांचा परिचय आणि त्यांच्या भाषणाचं भाषांतर मी करणार.

परिचयात काय सांगणार ते ऐकायला अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. मी सांगितलं की हे मूळचे गुरांचे डॉक्टर, डोंगराळ भागातले. आधी गावचे महापौर, मग ते पद सांभाळूनच खासदार आणि मंत्री. अध्यक्षांनी विचारलं, तुरुंगात कधी गेले होते? म्हटलं, नाही. उपोषण? नाही. मग मोर्चा तरी? म्हटलं, एकदा दूधवाल्यांनी काढला होता, पण तो यांच्यावरच. अध्यक्ष फार हिरमुसले. मी घाईघाईनं पुढचं सांगितलं की त्यांच्या संसदेत डावे एका बाजूला बसतात, उजवे दुसऱ्या बाजूला, आणि हे आयुष्यभर मधल्या बाकावर बसले. उजव्यांचं सरकार आलं तेव्हा त्यात मंत्री होते, डाव्यांचं आलं तेव्हा त्यातही.

“म्हंजी पक्ष बदलला.”

“नाही साहेब. पक्ष तोच. सरकारं बदलली.”

अध्यक्षांनी हातातला चहा खाली ठेवला.

“लई मोठा माणूस हाय हो ह्यो,” ते म्हणाले.

मग आवाज खाली आणून त्यांनी खरं काम सांगितलं. कॉलेजपुढच्या मोकळ्या जागेत त्यांना आपल्या वडिलांच्या नावानं सभागृह बांधायचं होतं. पाहुण्यानं भाषणात त्याचं जरा कौतुक करावं. मी म्हटलं, बघतो साहेब. तासाभरानं सचिवांनी बोलावलं. त्यांना त्याच जागेत रस्त्याच्या बाजूनं दुकानांचे गाळे काढायचे होते, तर पाहुण्यानं त्याबद्दल दोन शब्द बोलावेत. पाहुणे दोन्ही सरकारांत मंत्री राहूनही गावाकडच्या जुन्याच घरात राहतात, हे ऐकून सचिवांचा त्यांच्यावरचा विश्वास थोडा उडाला, पण परदेशी माणूस तो परदेशीच. मी त्यांनाही म्हटलं, बघतो साहेब.

सत्काराच्या दिवशी सकाळी आम्ही दौलताबादला गेलो. पाहुणे किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारातून न अडखळता वर चढले आणि माझी धाप ओसरेपर्यंत त्यांनाच दोन-तीनदा थांबावं लागलं. खाली उतरल्यावर सीताफळं घेतली. कट्ट्यावर बसून बिया थुंकत ते आपल्या कारकिर्दीच्या गमती सांगत होते. त्यांचा पक्ष एके काळी एवढा आटला होता की सगळे खासदार एका जेवणाच्या टेबलाभोवती मावायचे, आणि तरी त्या टेबलावर दोन गट असायचे. दर निवडणुकीत डावे त्यांना छुपा उजवा म्हणायचे आणि उजवे छुपा डावा. एका सरकारात त्यांचं मंत्रिपद इतकं कमी टिकलं की दारावरच्या पाटीवर नाव यायच्या आतच खुर्ची गेली. शेवटी महापौरपदही गेलं, पण ते कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. सीताफळाकडं बघून नुसते हसले.

मला वाटलं, हा माझाच माणूस. मीही मन मोकळं केलं. दोन गट, दोन घरचा चिवडा, कायम होण्याची आस, अन् आता सभागृह आणि गाळे, सगळं सांगितलं. म्हटलं, मीही तुमच्यासारखाच मधला.

त्यांनी रुमालानं बोटं पुसली.

“तुम्ही मधे कुठं आहात? तुम्ही तर दोन्हीकडे आहात. मधला माणूस दोन्ही घरांत एकच गोष्ट सांगतो.”

मला राग आला. यांना निवृत्तिवेतन मिळतं, यांचं काय जातंय, असंही मनात आलं. परतीच्या वाटेवर मी त्यांना फक्त इमारतींची नावं सांगितली.

दुपारी प्राचार्यांनी त्यांना कॉलेज दाखवलं. ग्रंथालय, संगणक, सगळं झालं आणि पाहुण्यांनी हात धुवायला नळ विचारला. नळ होते, पाणी नव्हतं. शेजारच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. दारापाशी उभ्या असलेल्या एका मुलीला त्यांनी माझ्यामार्फत कारण विचारलं. ती म्हणाली, “पाणीच नाय तर उघडून काय करता सर? आमी घरूनच पाणी न पिता येतो.” मी भाषांतर केलं. पाहुण्यांनी हात रुमालाला पुसले.

संध्याकाळी शाल झाली, फेटा झाला. फेट्याखाली त्यांचे कान दुमडले होते. मी परिचय वाचला. प्रास्ताविकात अध्यक्ष सभागृहावर बोलले, सचिव गाळ्यांवर बोलले, आणि दोघांनीही थोर पाहुण्यांना मार्गदर्शनाची विनंती केली. पाहुणे उठले. अध्यक्ष त्यांच्या उजव्या हाताला, सचिव डाव्या हाताला, आणि मी माइकजवळ. त्यांनी दोनच वाक्यं बोलून माझ्याकडं पाहिलं.

ती वाक्यं मला आजही पाठ आहेत. माझ्याकडं दोन गोड भाषांतरं तयार होती. सभेत फ्रेंच येणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि माझ्या मुलांच्या धड्यात चपला-तिकिटापलीकडं काही नव्हतं. पण ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. मला सकाळचा राग पुन्हा आला, फक्त या वेळी तो पाहुण्यांवर नव्हता. मी जसंच्या तसं सांगून टाकलं.

“पाहुणे म्हणतात, सभागृहही नको आणि गाळेही नकोत. ज्या कॉलेजात मुली पाणी न पिता येतात, तिथं आधी नळाला पाणी आणा, मग भांडा.”

मुलींनी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनी, मग प्राचार्यांनीही चुकून दोन वाजवल्या. अध्यक्षांनी सचिवांकडं पाहिलं. सचिवांनी अध्यक्षांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांची नजरानजर झाली.

पाहुणे दुसऱ्या दिवशी विमानानं गेले. काही आठवड्यांनी प्राचार्यांनी मला बोलावून पेढा दिला. म्हणाले, सर, चमत्कार झाला, दोन्ही साहेब एकाच गाडीतून आले, बैठकीत एकमत झालं, आणि तेही तुमच्या नावावर. मी पेढा तोंडात टाकला. बायकोला फोन कुठून करावा, हाही विचार मनात येऊन गेला.

मग ते म्हणाले, पुढच्या वर्षापासून फ्रेंचचा वर्ग बंद. परदेशी पाहुणा असं बोलूच शकत नाही, मास्तरानंच आपलं त्याच्या तोंडी घातलं, याबद्दल दोघांचीही खात्री होती. स्वच्छतागृहासाठी टाकी बसवायचं मात्र मंजूर झालं होतं, तेही एकमतानं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन खरंच रडलो. बायको म्हणाली, उगाच शहाणपणा केलात, आणि मग माझ्यासाठी तिनं पिठलं टाकलं. महिनाभर मी दोन्ही घरांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. शेवटी पाहुण्यांना फोन लावला. दोघं एक झाले आणि माझी नोकरी गेली, असं सांगितलं. पलीकडं आधी खोकला, मग ते हसायला लागले, आणि मलाही हसू आवरेना.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “माझ्या गावात डाव्या-उजव्यांना माझ्याविरुद्ध एक व्हायला माझी सगळी कारकीर्द लागली.”