हातपट्टा आणि पाटावरची वाळू

कॅमेरा हातात आला की इतरांना फोटो सुचतात. मला फरशी दिसते. आता सुटला, आता आपटला, असं सारखं वाटत राहतं. मुळात मी भित्री. लिफ्टमध्ये दोन माणसं जास्त चढली तरी मला घाम फुटतो. असं असताना इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे कधी आणि कसं आलं, ते मलाही सांगता येणार नाही. बारसं असो, हळदीकुंकू असो, “अगं, तू येतेसच ना, मग कॅमेरा घेऊनच ये,” हेच माझं आमंत्रण.

गळ्यात अडकवायच्या पट्ट्याने माझी मान धरायची. माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसून ती आधीच आखडलेली, त्यात शनिवार-रविवारी ते धूड गळ्यात. शिवाय वाकलं की कॅमेरा पुढे झुलायचा. एका बारशाला तो पाळण्याच्या दांडीवर आपटला, तेव्हा बाळाच्या आधी मीच किंचाळले. मग मी हातपट्टा घेतला.

हातपट्टा म्हणजे साधी वस्तू. चामड्याचा रुंद पट्टा. त्याचं एक टोक कॅमेऱ्याच्या वरच्या कडीत, दुसरं तळाशी स्क्रूने बसवलेल्या चपट्या पट्टीत. मधून उजवा हात घालायचा आणि पंजाच्या पाठीवर घट्ट बसेल इतका आवळायचा. नीट बसला की तर्जनी बटणावर सहज पोचते, बोटं सैल सोडली तरी कॅमेरा हातालाच राहतो, आणि वजन बोटांवर न येता सगळ्या पंजावर पडतं. मला त्याचं इतकं सुख झालं की पहिल्या दिवशी मी घरभर कॅमेरा हाताला लावून हिंडले.

फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तळाचा स्क्रू वापरून वापरून आपोआप सैल होतो, तो अधूनमधून नाण्याने पिळायचा. आणि फोटो काढून झाले की पट्टा थोडा ढिला करायचा, म्हणजे हात पटकन बाहेर काढता येतो. पहिली गोष्ट मी कधी करायचे, कधी विसरायचे. दुसरी मात्र कधीच केली नाही. ढिला केला आणि पडला तर?

त्या वर्षी गणपतीला आई पुण्याहून आमच्याकडे आलेली होती. आमचा दीड दिवसाचा गणपती, शाडूची वीतभर मूर्ती. आदल्या वर्षी आम्ही अल्बनीजवळच्या एका शांत खाडीवर विसर्जनाला गेलो होतो. आरत्या, मोदक, आलं-गेलं यांत उशीर झाला आणि आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. भरती-ओहोटीची वेळ बघायची असते हे आमच्या पुणेरी डोक्यात आलंच नव्हतं. पुण्यात विसर्जनाचं पाणी हौदात असतं आणि ते जागचं हलत नाही. चिखलातून कितीही चाललो तरी पाणी घोट्याच्या वर येईना. शेवटी बाप्पाला तिथेच ठेवलं. मुकुट बाहेर राहिला, आणि आम्ही वळायच्या आत त्यावर एक सीगल येऊन बसला. आईने हे सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. “देवाला उघड्यावर टाकून आलात,” एवढंच ती म्हणाली, पण पुढे आठवडाभर फोनवर धड बोलली नाही.

म्हणून त्या वर्षी पश्चिमेच्या, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. तिथे पाण्याला तोटा नाही, नवरा म्हणाला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याही वर्षी कुणी बघितलं नाही. पाणी कमी पडण्याची धास्ती होती, जास्त होईल असं मनातही आलं नाही. सप्टेंबरात तिथे जीवरक्षक नसतात, ते इथल्या उन्हाळ्यात, वर्षअखेरीला येतात. पोहण्याची जागा दाखवणारे लाल-पिवळे झेंडे नव्हते. धोक्याची मोठी पाटी मात्र होती. त्या पाटीचा मी छान फोटो काढला.

विसर्जन अगदी नीट झालं. नवरा पँट दुमडून गुडघाभर पाण्यात गेला, त्याने बाप्पाला तीनदा बुडवून चौथ्यांदा सोडून दिलं. आम्ही “पुढच्या वर्षी लवकर या” असं ओरडलो. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबून बघत होते, त्यांनी हात हलवून “किया ओरा” असा इथला नमस्कार केला. आमची आठ वर्षांची लेक कोरड्या वाळूवर आजीचे बूट सांभाळत उभी होती. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती खूश होती. बाप्पा दिसेनासा झाला होता.

आता राहिली वाळू. आमच्याकडे विसर्जनानंतर पाट रिकामा घरी आणत नाहीत. त्यावर तिथली मूठभर वाळू आणायची आणि ती घरात टाकायची. नवरा खाली वाकून कोरडी वाळू भरायला लागला, तर आईने पाटच काढून घेतला.

“इथली नको हो. बाप्पा जिथे गेला तिथली हवी.”

“आई, सगळी वाळू एकच आहे गं,” मी म्हणाले.

“तुला नाही कळत त्यातलं.”

नऊवारी नाही, साधीच पाचवारी, पण पदर खोचून, वर माझं फुगीर जॅकेट घालून ती पाण्यात निघाली. लेक मागून ओरडली, “आजी, डोन्ट गो देअर! इट्स फ्रीझिंग!” मी आईच्या मागोमाग गेले. तिला सांभाळायला गेले असं नंतर सगळ्यांना वाटलं. मी फोटो काढायला गेले होते. पाट, वाळू, मागे लाटा, असा फोटो मला दिसत होता.

पाणी इतकं गार होतं की पोटऱ्या दुखायला लागल्या. आई गुडघाभर पाण्यात थांबली, वाकली, पाट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तळाची वाळू उचलायला लागली. मी तिच्या उजव्या बाजूला, दोन हातांवर. कॅमेरा डोळ्याला. एक फोटो काढला, दुसरा काढला, आणि पाणी मागे जायला लागलं.

लाट आलेली मला दिसलीच नाही. मला आधी कळलं ते तळव्यांखाली. वाळू निसटत होती. मी कॅमेरा खाली घेतला तोवर आई पाण्यात बसली होती. हसतच बसली, घसरल्यावर माणूस हसतं तसं. पुढच्या क्षणी तिचं हसू गेलं, कारण ती बसल्या जागेवरून आत सरकायला लागली होती. पाणी तिला माझ्या डोळ्यांसमोरून ओढून नेत होतं, आणि ते जॅकेट पाणी पिऊन जड झालं होतं.

मी गुडघ्यांवर पडले आणि डावा हात टाकला. बाही हातात आली. ओलं नायलॉन ते, सर्रकन निसटलं. उजव्या हाताने धरायला गेले तर हातात कॅमेरा. मी बोटं उघडली. कॅमेरा हातालाच. त्याच्यासाठीच तर तो पट्टा होता. मी हात जोरजोरात झटकला. पट्टा भिजला होता, आवळलेला होता, हलेना. तो काढायला डावा हात हवा, आणि डावा हात मला आईकडे न्यायचा होता. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. आई जाणार, माझ्यासमोर, मूठभर वाळूपायी, आणि माझा हात एका डब्याला बांधलेला, एवढंच डोक्यात होतं.

मग उजव्या हाताला एकदम हिसका बसला. आईने पाट सोडून दोन्ही हातांनी लेन्स धरली होती.

तिचा सगळा भार माझ्या पंजाच्या पाठीवर आला. खांद्यातून कळ गेली. पाणी तिला आत ओढत होतं, मी टाचा रोवत होते आणि टाचांखालची वाळू जात होती. आणि तेव्हा मला तो स्क्रू आठवला. तळाचा. तो मी सकाळी पिळला होता का? मोदक वळले, फुलं निवडली, बॅटरी लावली, हे आठवत होतं. स्क्रू आठवेना. माझी आई त्या नखाएवढ्या स्क्रूला लटकली होती आणि मला आठवत नव्हतं. मी बाप्पाला काय काय कबूल केलं देव जाणे. तिचा चेहरा पाण्यात जात होता, वर येत होता. ती ओरडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

पुढची लाट आईच्या पाठीमागून आली आणि तिने आम्हा दोघींना किनाऱ्याकडे ढकललं. नाकातोंडात खारट पाणी गेलं, पण हिसका थांबला. कुणीतरी माझ्या काखेत हात घातला. नवऱ्याने एका हाताने मला आणि दुसऱ्याने आईला धरून ओढलं, ते कुत्र्यावाले आजोबाही बुटांसकट पाण्यात धावत आले होते.

वाळूवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मधे कॅमेरा. नवरा सारखा म्हणत होता, “आई, सोडा आता, सोडा.” तिच्या बोटांना ते ऐकू येत नव्हतं. शेवटी त्याने एकेक बोट उलगडलं. मग माझा पट्टा सोडवला. पंजावर चामड्याचा लाल वळ उमटला होता. पाट लांब लाटांवर वरखाली होताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. लेक आजीच्या पायांना तिचे कोरडे मोजे घालत होती आणि रडत होती.

आजोबांनी त्यांच्या गाडीतली घोंगडी दिली. त्यांनी आम्हाला रागवायला हवं होतं, मी त्यांच्या जागी असते तर सोडलं नसतं. ते फक्त म्हणाले, “यू वर लकी.”

घरी येताना हीटर पूर्ण वाढवला होता. मी मागे आईला चिकटून बसले होते. तिचे दात वाजायचे थांबले तेव्हा मी विचारलं,

“आई, मी हात पुढे केला होता. तो का नाही धरलास? कॅमेरा कशाला धरलास?”

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. माझ्या आवडीनिवडी जाणणाऱ्या माणसाने सांगावं तसं ती म्हणाली,

“हात सुटला असता गं. कॅमेरा तू काही झालं तरी सोडणार नाहीस, हे मला माहीत होतं.”

नवरा हसला. लेकही डोळे पुसत हसली. मीही हसले, कारण आई माझ्याकडे बघत होती.

त्या वेळी मी तोच हात जिवाच्या आकांताने झटकत होते, कॅमेरा फेकून द्यायला. पट्टा बोटभर ढिला असता तर तो निघाला असता, आणि त्याला धरलेली आई त्याच्याबरोबर गेली असती. हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. घर येईपर्यंत मी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला.