खोडातली गुणगुण

गल्लीतली पोरं त्याला टकटककाका म्हणायची. हे नाव त्याने कमावलेलं होतं. हातात लाकडी हातोडी घेऊन तो शहरातल्या झाडांच्या खोडांवर टकटक करत फिरायचा. भरीव लाकूड टणटण बोलतं, पोखरलेलं ढबढब. कुठल्या रस्त्याला कुठली झाडं आहेत, किती दाटीने आहेत, कुणाची पानं अवेळी पिवळी पडताहेत, हे सगळं नकाशावर आणायचं ही त्याची नोकरी. धोक्याच्या झाडाला तो लाल पट्टी बांधायचा. पट्टी बांधली की करवतवाले आलेच म्हणून समजा.

त्याची बायको गोंदायची. दुकान म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीला खेटून उभं एक जुनं झाड. त्याच्या सावलीत, पडवीतल्या पडद्याआड टेबल लावून ती मशीनने गोंदायची; मशीनचा आवाज रस्त्याच्या गोंगाटात हरवून जायचा. नाना धर्मांची माणसं यायची. कुणाला मनगटाच्या आत छोटा क्रूस हवा असायचा, आईच्या हातावर होता अगदी तसा. कुणाला पाठीवर रक्षणाचा मंत्र, तोही भिक्खूंनी काढून दिलेल्या अक्षरांत. कुणाला दंडावर देवाचं नाव. सुई लावण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, "हे कशासाठी?" माणूस सांगायला लागला की दुखणं विसरायचा.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्या धर्मात गोंदणं वर्ज्य. तरी रोजचा चहा मात्र याच पडवीत.

"अंग जसं मिळालं तसं परत करायचं," काका म्हणायचे.

"झाडाचंही तेच," टकटक मान डोलवायचा. "साधा खिळासुद्धा ठोकायचा नाही."

"तुमचं दोघांचं देवाशी एकदमच बोलणं झालेलं दिसतंय," ती म्हणायची.

टकटकचा स्वतःचा हात लग्नाला इतकी वर्षं होऊनही कोरा होता, पण त्यामागचं कारण देवाधर्माचं नव्हतं. दोराने शेंड्यापर्यंत चढणारा हा गडी सुई दिसली की पांढराफटक पडायचा.

यंदा तपासणी त्यांच्याच गल्लीत आली. बायकोच्या झाडावर त्याने हातोडी मारली. टणटणीत आवाज आला. सवयीने त्याने खोडाला कान लावला. आत काहीतरी गुणगुणत होतं. भुंगे! खोड पोखरणाऱ्या भुंग्यांनी घर केलं असेल, तर हे एकच झाड जाणार नव्हतं. सगळी ओळ एकाच जातीची. एकाची लागण दुसऱ्याला व्हायला वेळ लागत नाही. तो क्षणभर घुटमळला. मग स्वतःलाच म्हणाला, दुसऱ्याच्या दारातलं झाड असतं तर काय केलं असतंस? आणि त्याने लाल पट्टी बांधली.

ती बाहेर आली. पट्टी बघून तिचा चेहराच उतरला.

"याला काय धाड भरलीय? पालवी बघा कशी लसलशीत आहे."

"अगं, आत भुंगे आहेत. कान लाव, ऐक."

तिने कान लावला. "काही नाही."

त्याने लावला. खरंच काही नव्हतं.

"कान धुऊन घ्या आधी. आत एक आजीबाई अर्ध्या क्रूसावर बसलीय," म्हणत ती आत गेली. तिची पाठ वळते न वळते तोच गुणगुण परत सुरू!

"अगं, ये! आता ये!"

ती आली. आवाज गप्प.

"सूनबाई, तू जा आत," चहाचा कप खाली ठेवत काका उठले. आयुष्यभर घड्याळांची टिकटिक ऐकलेला कान त्यांनी खोडाला लावला. थोडा वेळ ऐकून ते ओरडले, "सूनबाई, हात उचल!"

शांतता.

"आता टेकव!"

गुणगुण.

"अरे टकटक्या, तुझा भुंगा आत बसून क्रूस काढतोय!"

आजीबाईंसकट सगळे हसत सुटले. टकटकने पडवीचं छत पेलणारा लोखंडी अँगल टोकापर्यंत हाताने चाचपला. आधीच्या दुकानदाराने त्याचं टोक कधीकाळी सरळ झाडात ठोकलं होतं. पुढे सालीने ते असं गिळलं, की अँगल नुसता टेकलाय असंच वाटावं. टेबल त्याच अँगलला पक्कं केलेलं. मशीनची थरथर हातातून कोपरात, कोपरातून टेबलात, टेबलातून लोखंडात आणि तिथून थेट खोडात.

त्याने पट्टी सोडली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग पडवीला वेगळा खांब देऊन अँगल सालीलगत कापला. आतला तुकडा तसाच ठेवला. उपटला असता तर जखम मोठी झाली असती.

"म्हणजे झाडानेही गोंदून घेतलं," ती म्हणाली. "राहिलात ते तुम्हीच."

"झाडाने मागून घेतलेलं नाही," काकांनी लगेच निवाडा दिला. "त्याला माफ आहे."

तिने नवऱ्याचा हात ओढला. तो डोळे गच्च मिटून बसला. उघडून बघतो तर मनगटावर साध्या पेनाने काढलेलं एक पान, शिरांसकट.

"धुतलं की जातं. घाबरू नका."

संध्याकाळी ती कुणाच्या तरी दंडावर काम करत असताना त्याने हळूच खोडाला कान लावला. आत सगळं गप्प होतं. झाड ठणठणीत होतं, तरी त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. घरी गेल्यावर त्याने हात धुतले, पण मनगटाला पाणी लागू दिलं नाही.