बंद घराची चूल पेटवायला गेलो मालवणला

"वहिनी, मला समुद्रात डुंबायचंय, आणि चार दिवस कुणालाही 'जेवायला काय करू' असं विचारायचं नाहीये," माझी नणंद केतकी फोनवर म्हणाली आणि फोन ठेवायच्या आत आमचं मालवण ठरलं. नवरे घरी, पोरं नवऱ्यांच्या गळ्यात, गाडी केतकीची. डिसेंबरातला गारवा, रस्ता कोरडा. निघताना नवऱ्याने "आंबे आण" म्हणून सांगितलं. डिसेंबरात! मी हो म्हटलं आणि सटकले.

पुण्याहून पहाटे निघालात, तर कोल्हापूर-राधानगरीवरून फोंडा घाट उतरून उजेडात कुडाळ गाठता येतं. पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या, पुढे उगाच जीव टांगणीला लागतो. आमच्यापुढे अख्खा घाटभर कोबी-फ्लॉवरचा एक टेम्पो होता, ओव्हरटेक करू देईना. मालवणच्या हॉटेलांमधली बरीचशी भाजी अशी घाटावरून खाली येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी फक्त टेम्पोवाल्याला शिव्या देत होते.

समुद्रकाठच्या खोल्यांचे शनिवार-रविवारचे भाव ऐकून केतकीने फोनच आपटला होता. म्हणून कुडाळ-मालवण रस्त्यापासून जरा आत, एका गावात उज्ज्वलाताईंच्या घरी उतरलो. एकच खोली देतात, पण लख्ख सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, दोन वेळचं जेवण आणि भाडं किनाऱ्याच्या निम्म्याने. गाडी असेल तर समुद्र काही लांब नाही. पहिल्या रात्री कुळथाची पिठी, गरम भात आणि मुळ्याची भाजी. केतकीने तीनदा भात घेतला आणि चौथ्यांदा नुसती पिठी वाटीने प्यायली.

दुसरा दिवस समुद्राचा. तारकर्लीला आम्ही इतक्या किंचाळलो की शेजारच्या शाळेच्या सहलीतली मुलं आमच्याकडे बघायला थांबली. केतकीच्या नाकातोंडात पाणी गेलं, माझी एक चप्पल गेली, आणि आम्ही सुरमईच्या थाळीवर तुटून पडलो. असा दिवस वर्षातून एकदा तरी प्रत्येक बाईला मिळायलाच हवा!

संध्याकाळी परतलो तर उज्ज्वलाताईंच्या घरात सुतकी शांतता. त्यांचे यजमान दत्ताराम गोव्याहून आले होते. ते तिथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला असतात. दर सोमवारी पहाटे बाईक काढतात, गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडतात, आणि शनिवार-रविवार जमलं तर परत येतात. या वेळी मात्र दुसऱ्या दिवशीच्या बांधासाठी एक दिवस आधीच आले होते.

हा बांध म्हणजे काय, ते जेवताना कळलं. पावसाळा संपून भात कापलं की गावातला व्हाळ, म्हणजे ओढा, दगडमाती टाकून अडवतात. साठलेलं पाणी पाटाने आळीपाळीने काठच्या कुणग्यांना जातं. कुणगा म्हणजे शेताचा लहानसा तुकडा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या चारपाच गाड्यांची जागा, बस. पण पाणी मिळालं तर त्यात उन्हाळ्यापर्यंत तांबडी भाजी, मुळा, चवळी, मिरची. उज्ज्वलाताईंच्या एका कुणग्यावर मुलीच्या कॉलेजचा खर्च निघतो. आठवडा बाजाराला कुडाळला टोपली घेऊन बसल्या की दुपारच्या आत रिकामी. मालवणचा एक हॉटेलवाला तर रोजची भाजी मागतो आहे, पण एवढी येणार कुठून?

म्हणून यंदा त्यांनी शेजारचा दुसरा कुणगाही करायला घेतला होता. तो दत्तारामांच्या चुलत भावाचा, सुरेशचा. सुरेश डोंबिवलीला असतो, घर बंद, जमीन पडीक. त्याने आनंदाने हो म्हटलं होतं. पण गावचा नियम असा, की बांधाच्या दिवशी ज्या घराचा माणूस कामाला उभा राहील, त्याच घराच्या कुणग्याला त्या वर्षी पाणी. सुरेश स्वतः येणार होता, आणि त्याच दुपारी त्याचा फोन आला होता.

"भाऊजींका रजा गावली नाय," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आता त्या कुणग्याक पाणी नाय."

"मगे सोमवारी मी गोव्याक जातलंय," दत्ताराम ताटातून मान वर न करता म्हणाले. "एका कुणग्यात घर चलता काय?"

दोघांचं ठरलं होतं, दोन्ही कुणगे भिजले तर ते नोकरी सोडून घरी राहायचा विचार करणार. मुलगी लहान असल्यापासून ते बाहेर. उज्ज्वलाताई नुसता भात वाढत राहिल्या, आमच्या भरलेल्या ताटातसुद्धा.

"आम्ही उभ्या राहिलो तर?" केतकी म्हणाली. ही मुलगी ऑफिसात कशी निभते ते देव जाणे, तोंडात येईल ते बोलते. दत्ताराम हसले. पण उज्ज्वलाताई उठल्या, पदर खोचला आणि आम्हाला घेऊन थेट तात्यांच्या पडवीत.

बांधाच्या बाबतीत तात्यांचा शब्द शेवटचा. पंच्याहत्तरीचे, किरकोळ अंगाचे, आवाज मात्र ढोलासारखा. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही पुण्याची माणसा सुरेशाच्या घराची कशी?"

"तात्यानू, पावण्यानी त्या घरात चूल पेटयली तर?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

तात्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "माणूस खंयचो तां माका नको सांगा. चूल खंयच्या घरात पेटली तां दाखवा. सकाळी कौलातसून धूर इलो, तर घर उघडा आसा. नाय इलो, तर बंद."

"मग मीच पेटवतंय ना," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"तू तुझ्या चुलीची गो. एक बाई, दोन चुली, तां चलाचा नाय."

सुरेशला फोन केला. तो इतका हसला की 'हो' म्हणायलाही त्याला दम लागला. चावी उज्ज्वलाताईंकडेच होती.

आता चूल. आम्ही दोघी मिळून तीन पदव्या, दोन गॅस शेगड्या, एक इंडक्शन. चूल शून्य. पहाटे कुलूप उघडलं तर आत कोळ्यांची जाळी आणि चुलीत मांजराने केलेली गादी. उज्ज्वलाताई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सूचना देत होत्या, आत पाऊल टाकायला तयार नाहीत, न जाणो तात्यांनी बघितलं तर! केतकी फुंकणीने फुंकायच्या ऐवजी आत ओढायला लागली. खोकून खोकून तिचे डोळे बाहेर आले. धूर भरपूर, पण सगळा घरातच, कौलातून बाहेर जायला तयार नाही. खळ्यात तात्या छपराकडे बघत उभे. मी रडकुंडीला आले होते आणि हसतही होते, दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

"नारळाची सोडणा घाला गो! सोडणा!" उज्ज्वलाताई ओरडल्या. सोडणं म्हणजे नारळाची वाळकी सालं. ती घातली आणि भक्कन जाळ झाला. बाहेरून गलका आला, धूर निघाला होता!

पेज शिजवली. तात्या आत येऊन पाटावर बसले. नियम म्हणजे नियम, शिजलेलं खाल्ल्याशिवाय ते मानणार नव्हते. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"करपली हा. पण पेज ती पेजच."

व्हाळावर अख्खं गाव जमलं होतं. तात्यांनी दगडावर उभं राहून घरं पुकारली. कागद नाही, काही नाही, सगळं तोंडपाठ. एकेका घराला "आसा!" असं उत्तर. "सुरेशाचा घर?" आल्याबरोबर केतकी काजळलेल्या तोंडाने किंचाळली, "आहे! आसा! प्रेझेंट!" लोक हसून हसून पाण्यात बसले.

मग काम. हातोहात दगड, मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, मधे पेंढा, वर चिखल पायाने तुडवायचा. मी गुडघाभर पाण्यात, बाजूला एक काकू मला विचारतायत, "पुण्यात तुमचा पाणी कोण अडवता?" खरंच सांगते, विकास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आजवर उड्डाणपूल यायचे. इथे माणसं पार्किंगएवढ्या जमिनीसाठी ओढा अडवत होती, आणि त्या जमिनीवर कुणाची फी, कुणाचं औषध, कुणाचा नवरा अवलंबून होता. मला ते फार मोठं वाटलं.

शेवटचं भोक बुजवलं तेव्हा दुपार कलली होती. पाणी आधी थबकलं, मग चढू लागलं, आणि पाटातून निघून उज्ज्वलाताईंच्या कुणग्यात, तिथून दोन्ही शेतांमधली मेर ओलांडून सुरेशच्या कुणग्यात शिरलं. भेगाळलेली माती चक्क आवाज करत पाणी प्यायली. उज्ज्वलाताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दत्ताराम पाटाच्या कडेला उकिडवे बसून नुसते बघत होते. काय ठरवलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी आम्ही निघालो तेव्हा ओटीवर त्यांची गोव्याची बॅग भरून ठेवलेली होती. उज्ज्वलाताईंनी ती बघितली, आम्हीही बघितली. घाट चढताना केतकीने गाणीसुद्धा लावली नाहीत. पुण्यात पोचल्यावर आंब्यांवरून जी बोलणी खायची ती खाल्ली. कोपरावरचं खरचटलेलं आठवडाभर दुखत होतं आणि मला ते दुखणं आवडत होतं. जाणार असाल तर समुद्र बघाच, पण मुक्काम आतल्या गावात करा, आणि कुडाळच्या बाजारात टोपलीवाल्या बायांकडूनच भाजी घ्या. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा.

पुढच्या रविवारी राहवेना, फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर धीर करून विचारलं, "दत्तारामभाऊ आले का आज गोव्याहून?"

"नाय," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

ओटीवरची ती भरलेली बॅग माझ्या डोळ्यांपुढे आली.

"गेलेच नायत तर येतले खंयसून?"

मी किंचाळले. तिकडे त्या हसत सुटल्या, आणि मागून दत्तारामांची हाक ऐकू आली, "फोन ठेव गो, पाणी इला!" उज्ज्वलाताईंनी निरोपाचा शब्दही न बोलता फोन ठेवून दिला.