वाटीवर बसवलेली जाळी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणी उघडलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं. पण लिहिते आहे ते खरं आहे, आणि या घरात दुसरं कोणी ते लिहिणार नाही.

केदारला जाऊन सात आठवडे झाले. माझा भाचा. फोन आला तेव्हा दुबईतल्या अल मनखूलच्या या घरात मी एकटीच होते, हाताला कणीक लागलेली. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता. मला फक्त केदारचं नाव दोनदा कळलं. मी शेजारच्या मल्याळी बाईला, चेचीला, बोलावून आणलं. तिने ऐकलं आणि रिसिव्हर खाली न ठेवता माझा कणकेचा हात धरला... शनिवारी सामना खेळून रविवारी तो तिकडे कॅनडात गाडीने, कामाला होता त्या कारखान्याच्या गावी परत चालला होता. रस्त्यावर बर्फ होता.

शोकसभेला इथल्या मराठी मंडळाचे सगळे आले. कोणीतरी विचारलं, काय करायचा मुलगा? अण्णा, माझा भाऊ, केदारचा बाप, म्हणाला, “इंजिनिअर होता. ड्यूटीवर जाताना गेला.” मी आत चहा गाळत होते. खोटं म्हणावं तर खोटं नाही. आठवडाभर तो खिडक्यांच्या कारखान्यात काम करायचाच, कारण सामन्यांच्या पगारावर तिथे कोणाचंच भागत नाही. पण तो त्यासाठी जगत नव्हता. तो लॅक्रॉस खेळायचा, कॅनडात, पगारी टीममध्ये, चार हिवाळे. हे माझ्या भावाने एकदाही उच्चारलं नाही. आणि मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले, कप वाटले आणि परत आत आले. संताप अण्णाचा येतो, तेवढाच माझाही येतो.

मी विधवा झाल्यावर अण्णाने मला इथे आणलं, तेव्हा केदार दहा वर्षांचा होता. शाळेत कॅनडाचे एक पीटी सर आले होते, त्यांनी हा खेळ आणला. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची झोळी. रबरी चेंडू त्यात झेलायचा, पळायचं आणि फेकायचा. संध्याकाळी तो पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा, धप्प, धप्प... वॉचमन ओरडायचा, “खलास करो बाबा, दीवार गिरेगा.” एकदा जाळी तुटली आणि दुबईत ती कुठेच मिळेना. मी जुनी जाळी गाठ-गाठ सोडवून पाहिली, करामा भागातल्या चांभाराकडून चामड्याच्या पट्ट्या आणल्या आणि नायलॉनची दोरी घालून नवी विणली. छान ताणून, एकसारखी. केदार हरून आला. चेंडू जाळीत थांबतच नव्हता. “आत्या, ही खाट विणलीस तू,” तो म्हणाला. “बॉलला झोळी पाहिजे.” मग मी ती सैल केली, पट्ट्यांना खोबरेल तेल चोळलं आणि आमटीची वाटी त्यात दाबून दोन दिवस बांधून ठेवली. पोट बरोबर बसलं. तेव्हापासून त्याची प्रत्येक जाळी मीच विणली. कॅनडाला गेल्यावरही. कोणी येणारं-जाणारं असलं की तो काठीची टोकं पाठवायचा. तिकडच्या बर्फात माझ्या खोबरेलाचा वास येतो, म्हणायचा.

कॅनडाला शिकायला त्याला अण्णानेच पाठवलं, ते मी नाकारत नाही. डिग्री घेऊन तो परत आला तेव्हा अण्णाने इथे नोकरीही ठरवून ठेवली होती. तेवढ्यात तिकडच्या टीमच्या निवडीचं बोलावणं आलं. दोन दिवस घरात कोणी जेवलं नाही. अण्णा म्हणाला, “या खेळातून दोन दिरहम तरी सुटतील का? लोकांना काय सांगू, मुलगा जाळी घेऊन पळतो?” केदार मान खाली घालून म्हणाला, “टेल देम दॅट. तेच सांगा.” तिकिटाचे पैसे अण्णाने दिले नाहीत. बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवून मी तीन हजार दिरहम साठवले होते, तेव्हाचे तीस-पस्तीस हजार रुपये. ते मी केदारच्या हातात ठेवले. उसने, असं तोच म्हणाला. खेळूनच फेडणार, असंही. आणि फेडत होता. नव्या जाळीसाठी टोक यायचं, त्यात पैशांचं पाकीट असायचं. अण्णा ते पाकीट बघायचा आणि पेपर वाचायला घ्यायचा.

परवा त्याच्या टीममधला एक जण भारतात जाताना दोन दिवस दुबईत थांबला आणि घर शोधत आला. दाराएवढा उंच, नाक मोडून बसलेलं. त्याने केदारची काठी टेबलावर ठेवली आणि एक पाकीट. ते केदारच्या कपाटात सापडलं होतं, वर मराठीत ‘आत्या’ लिहिलेलं. मग जाळीवर बोट ठेवून त्याने काहीतरी विचारलं. अण्णाने पेपर पुढे ओढला. त्या माणसाने पुन्हा विचारलं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, “जाळी कोणी विणायची, विचारतोय.” मी हात वर केला, शाळेत करतात तसा. तो माणूस उठला, माझे दोन्ही हात हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिला. अण्णा म्हणाला, “तुझं कौतुक करतोय.”

एवढं लांब बोलणं आणि एवढंसं मराठी? आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर आवाज चढवला. “अण्णा, पूर्ण सांग. तो केदारबद्दल बोलतोय, ते सगळं सांग.”

अण्णाने सांगितलं. एकेक वाक्य करून. केदारसारखा चेंडू टीममध्ये कोणी झेलत नव्हतं. सगळे त्याच्यासारखी जाळी मागायचे. शेवटच्या सामन्यात त्याने तीन गोल केले. लोक उभे राहिले होते... वहिनी, केदारची आई, दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

तो माणूस गेल्यावर अण्णाने पाकीट उघडलं. सवयीने मोठ्याने मोजलं. कॅनडाचे चारशे डॉलर, म्हणजे नऊशे साठ दिरहम, म्हणजे रुपयांत... आणि तो नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

मी काठी उचलली. जाळी थोडी ताणली गेली होती. फडताळातून तीच वाटी काढून आत दाबली आणि दोरीने बांधली. मग अण्णाच्या हातातून नोटा घेतल्या. माझ्या तीन हजारांतले साडेनऊशे दिरहम फिटायचे राहिले होते.

“पूर्ण फिटले,” मी म्हणाले. “वर दहा दिरहम आहेत. खेळूनच फेडले त्याने, अण्णा. आता कोणी विचारलं तर सांग.”