ताईच्या म्हशी आणि उरलेले दोन डॉक्टर

म्हशीच्या पाठीवर नुसता हात ठेवून तिला कणकण आहे हे सांगणाऱ्या बाईला स्वतःचा ताप कसा कळत नाही?

हे माझं सगळ्यांना विचारून झालं. अस्मिताला विचारलं, ती चष्मा पुसत बसली. इम्रानला विचारलं, तो म्हणाला, "चल, चहा मारू." त्यांच्या सरांना विचारलं, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना तर इतक्या मोठ्याने विचारलं की वॉचमन आला.

माझी ताई, प्रणाली, जनावरांची डॉक्टर. पनवेलजवळ एका संस्थेत संशोधन करायची. गणपतीच्या आधी ताप आला. "पावसाचा हाय, जाईल," म्हणत तशीच तबेले फिरत राहिली. ताप नाही गेला, ती गेली.

तिच्याबरोबर कामाला लागलेले दोघं उरले. अस्मिता पुण्याची, इम्रान पनवेलचाच. ताईचं काम असं होतं: म्हशीला दुधासाठी सुई न मारता, फक्त चारा आणि वागणूक सुधारून दूध वाढतं हे दाखवायचं. सगळे तबेले झाले, राहिली एकच म्हैस, नेऱ्याची, म्हणजे आमच्या गावची, आमच्याच गोठ्यातली. तिचं शेवटचं दूध मोजलं की ताईच्या नावाने काम छापून येणार. नाही मोजलं तर सगळं कपाटात.

ते शेवटी सांगतो. आधी बाकीचं. कारण या तिघांना मी माझ्या टेम्पोतून फिरवलंय आणि तबेल्यात शेण साठतं तसे यांच्यात किस्से साठायचे. रोज उपसले तरी सकाळी नवा ढीग तयार!

* * *

जनावर किती भरलंय ते हे लोक कमरेची हाडं चाचपून ठरवतात आणि पाचपैकी मार्क देतात. एक म्हणजे हाडाचा सापळा, पाच म्हणजे चरबीचा गोळा. तीन उत्तम.

कोन गावात माझ्या मित्राची हळद होती. तिघांना घेऊन गेलो. डीजे सुरू, मटणाची पातेली उतरतायत, आणि हे तिघं कोपऱ्यात बसून पाहुण्यांना मार्क देतायत. "सव्वादोन." "छे, कंबर बघ, पावणेतीन." "तो पांढरा सदरा? खुराक निम्मा करा त्याचा."

नवरदेवाच्या मामाने ऐकलं. गळ्यात करंगळीएवढी चेन, पोट त्याच्या पुढे. येऊन उभा राहिला. "डॉक्टर, माना किती मार्क?"

इम्रान गार. अस्मिताला खोटं बोलता येत नाही, ती पटकन म्हणाली, "साडेचार."

मामा अख्ख्या मांडवात सांगत फिरला. "पाचमधी साडेचार! डॉक्टर बाईनी सोता दिलं! नवऱ्याला तीनच हायेत!"

* * *

तळोज्याच्या बाजूला एक मोठा तबेला आहे. तिथे ताईने म्हशींसाठी फिरता ब्रश लावला. गाडी धुण्याच्या सेंटरवर असतो ना, तसा. म्हैस अंग टेकवते, ब्रश फिरतो, खाज जाते, म्हैस खूश. तबेल्याचे शेठ म्हणाले, "हे लाड माझ्या बायकोचे पण नाय केले मी."

म्हशी किती वेळा येतात ते बघायला वर कॅमेरा. आठवड्याने सरांसमोर व्हिडिओ लावला. म्हैस आली, गेली. दुसरी आली, गेली. मग दुपारची वेळ, तबेल्यात सामसूम. शेठ आले. इकडे तिकडे पाहिलं. सदरा काढला. ब्रशला पाठ लावली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी तर म्हशीला ढकलून नंबर लावला!

सरांनी व्हिडिओ थांबवला. मग म्हणाले, "प्रणाली, याचं काय करायचं?"

ताई म्हणाली, "बाहेरचं जनावर आहे सर. हिशेबात धरायचं नाही."

* * *

इम्रान उरणला मुलगी बघायला गेला. गाडी माझीच, ताईही बरोबर. आत बसले, शरबत आलं, मिठाई आली. मुलीचे अब्बा पगार विचारतायत आणि याचं लक्ष खिडकीबाहेर. अंगणात बकरी खोकत होती.

"माफ करना, एक मिनिट," म्हणून जो बाहेर गेला तो आलाच नाही. बकरीच्या पापण्या उलट्या करून बघतोय, पोट दाबतोय. मग आत येऊन एवढंच म्हणाला, "ये मिठाई का डिब्बा खाली कर सकते हैं?"

त्यांना वाटलं, भूक लागलीय. त्यांनी सगळी मिठाई त्याच्या ताटात ओतली. हा रिकामा डबा घेऊन बाहेर गेला आणि त्यात बकरीच्या लेंड्या भरून घेऊन आला. तपासायला! सगळ्यांना सलाम करून आम्ही निघालो. मुलीकडे एकदा बघितलंसुद्धा नाही!

टेम्पोत ताई हसून हसून सीटवरून घसरली. म्हणाली, "इम्रान, तुझं लग्न आता बकरीशीच."

जंत निघाले. याने औषध पाठवलं. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. "बकरी ठीक है। अब मुझे देखने कब आ रहे हो?"

पुढच्या महिन्यात निकाह आहे.

* * *

ताईच्या तेराव्याला अस्मिता आणि इम्रान सकाळीच आले. आईसमोर जायची दोघांची हिंमत होईना. दारापर्यंत यायचे, आईचा आवाज ऐकला की वळायचे आणि गोठ्यात जायचे. गोठ्यात जाऊन करायचं काय? म्हणून म्हशींचा ताप बघायचे. म्हशीचा ताप कुठून बघतात ते तुम्हाला माहीत असेलच.

परत दारापर्यंत. परत गोठ्यात. परत थर्मामीटर.

संध्याकाळपर्यंत अशी वेळ आली की या दोघांना बघून आमच्या म्हशी आपणहून शेपटी वर करायला लागल्या!

शेवटी आईच गोठ्यात गेली. दोघांच्या हातात जेवणाची ताटं दिली आणि म्हणाली, "आता त्यांना सोडा नी जेवा."

त्याच रात्री बाबांनी सांगून टाकलं, "माना जनावरा नको आता घरान. पोरगी त्यांच्यापायी गेली. रविवारी व्यापारी येईल, सगली देऊन टाकतो." अस्मिताने हात जोडले. बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत काय मोजायचा ता मोजा."

* * *

मोजायला म्हशीने दूध तर द्यायला हवं! तिला ताईच्या हाताची सवय. रेडकू प्यायला लागलं की थोडं सोडायची, रेडकू बाजूला केलं की बंद. आई बसली, नाही. मी बसलो, लाथ.

शनिवारी शेजारचा गवळी सुई घेऊन आला. "एक टोचतो. मिनिटभरान पान्हा फुटंल."

माझं डोकं फिरलं. ताईने ज्या सुईविरुद्ध जिवाचं रान केलं ती तिच्याच म्हशीला? त्याच्या हातातून हिसकावली आणि दिली शेणखड्ड्यात भिरकावून! मोठा रुबाब झाला. बघतो तर अस्मिता कमरेवर हात ठेवून उभी.

"शेणात सुई टाकतात का? उद्या कुणाच्या पायात जाईल. काढ."

गवळी बिडी ओढत वरून बघत होता. मी ढोपरापर्यंत शेणात. "अजून थोडा डावीकडं, शेठ," तो सांगत होता.

* * *

रविवार सकाळ. व्यापारी येऊन दारात बाबांबरोबर उभा. इकडे अस्मिताने कासेला कोमट पाण्याचा शेक दिला. काही नाही. इम्रानने म्हशीला शेर ऐकवला. म्हशीने त्याच्या बुटावर पाय ठेवला आणि काढेना.

मी बादली घेतली आणि बसलो.

ताई दूध काढताना म्हशीशी बोलायची. गोड वगैरे नाही, माझी गाऱ्हाणी सांगायची. रोजचा क्रम ठरलेला. आधी माझी शाळा, मग माझे मित्र, मग मोबाईल, आणि शेवटी बाईक. बाईकवर आली की आवाज चढायचा. मी पलीकडे दात घासत ऐकायचो आणि तिथूनच शिव्या द्यायचो.

सगळे बघत होते. मी म्हशीला कपाळ टेकलं आणि ताईच्याच सुरात सुरू केलं.

"आयकलंस का गो? आमचा रोशन. आठवीन शाला सोडली. बाय, मास्तर घरा आलेला, तर ह्यो माडावर जाऊन बसला. मास्तर खाली, ह्यो वर..."

म्हशीने कान हलवला. बाकी काही नाही.

"नी मित्र कसं, तर एकापेक्षा एक. कामाचा एक नाय. हळदीला नाचाला सगली पुढं. ह्याला सांगते, अरं माणसान राहा, तर मानाच सांगतं, तू म्हशीन राहा..."

हातात कासेचा सड भरल्यासारखा लागला. पहिली धार बादलीत वाजली. इम्रानने तोंडावर हात ठेवला. मी थांबलो नाही. मोबाईलवर आलो. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल, संडासात मोबाईल, एकदा तिथेच पडला तो मोबाईल. फेस बादलीच्या काठाला आला. दारात बाबा खाली बसले. व्यापारी काही विचारायला गेला, बाबांनी त्याला हाताने गप्प केलं.

अस्मिताने बादली ओढून घेतली, मोजली, बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. सड रिकामे झाले होते. मी तसाच बसून होतो, कपाळ टेकलेलं.

"रोशन," ती म्हणाली, "झालं रे. ऊठ आता."

मी म्हटलं, "थांब जरा. अजून बाईकवर आली नाय ती."