छपराच्या पुलातून आलेलं ‘थांबा’

आधीच सांगते — भूत, करणी, अंगात येणं, या सगळ्याविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटणारी मुलगी आहे मी. तेव्हा कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका.

सेलू तालुक्यात, वालूरजवळच्या ओढ्यावर निजामाच्या काळातला सागवानी पूल होता. वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्या, रुंदी एका बैलगाडीपुरती. आत अंधार, म्हणून रीत अशी... गाडीवाल्याने तोंडाशी थांबून ‘आलो होऽ’ अशी हाळी द्यायची. समोरून कोणी येत असेल तर तो ‘थांबा’ म्हणतो. उत्तर आलं नाही की गाडी घालायची. हा पूल पाडायचं ठरलं आणि मी भडकले. कंत्राटदाराचं पोट भरायला वारसा पाडता? ‘पूल भक्कम आहे!’ — माझ्या पत्रकातलं पहिलं वाक्य. तपासणी? ती कोणी केली होती!

दिवाळीनंतरची सकाळ, दहाचा सुमार. मी पुलाशी सह्या गोळा करत होते. मारोतीकाकांचं बिऱ्हाड ऊसतोडीला निघालेलं — गाडीत काकू, भांडीकुंडी आणि सातवा महिना लागलेली सून. काकांनी हाळी दिली. आतून आवाज आला... ‘थांबा.’ बाईचा. स्पष्ट. मीही ऐकला.

पाच मिनिटं झाली, कोणी बाहेर येईना.

“घाला गाडी काका, कोणी नाही!”

“थांबा आलंय नव्हं? मंग कोन हाय आत?”

“पत्रक दिलंय ना तुम्हाला? पूल भक्कम आहे!”

“वाचाया कुनाला येतंय! तूच जा की म्होरं, लय शिकलीस तं.”

सून फिस्सकन हसली.

मी तणतणत आत शिरले, मोबाइलचा टॉर्च लावून. पूल रिकामा. पलीकडे सोयाबीन काढलेलं उघडं रान, लपायला झुडूपसुद्धा नाही. “बघा! कोणी नाही! चला!” ओरडतच परत फिरले... आणि मध्यावर पायाखालची फळी गेली. पाय मांडीपर्यंत आत. कशीबशी रांगत बाहेर आले, तोच मागे तुळई कडाडली. छपरासकट अर्धा पूल ओढ्यात!

काकूंनी माझ्या पायाला फडकं बांधलं. सून पोटावर हात ठेवून बघत होती.

“ताई, ते थांबा तुमालाबी ऐकू आलं व्हतं?”

“हो.”

“मंग आमाला घाला का म्हनलात?”

तो आवाज कोणाचा, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. भूत मी आजही मानत नाही. पण स्वतः तपासल्याशिवाय पत्रकात एक वाक्यही लिहीत नाही.